न उघडलेली नववी सीडी

बुधवार, ५ मार्च

आजी,

फोनवर सांगितलं तर तू नुसतं "हो हो" म्हणशील आणि अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवते. पत्र बसवाले काका आणून देतील, उत्तरही त्यांच्याच हाती दे. सावकाश वाच, आणि आधी बस.

आईच्या घशात आहे ती सूज नाही. डॉक्टर तिचं स्वरयंत्र काढणार आहेत, सगळंच. ऑपरेशन २९ तारखेला आहे. ती बरी होईल असं ते म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण त्यानंतर तिला आवाज राहणार नाही.

इथे वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणतात, आईचा जुना, चांगला आवाज तासभर तरी मिळाला तर त्यावरून मशीनला तिच्यासारखं बोलायला शिकवता येतं. आई मोबाईलवर लिहील आणि मोबाईल तिच्या आवाजात बोलेल. नाही मिळाला तर कुठल्यातरी परक्या बाईचा आवाज घ्यावा लागेल. आताचा आवाज उपयोगाचा नाही, फार फाटलाय.

तुझ्याकडे त्या आठ सीडी आहेत ना, आई स्वयंपाकघरात तुला पुस्तकं वाचून दाखवायची त्या? त्याच हव्यात. त्या सीडी जुन्या आहेत, प्रवासात मला त्या कोणाच्याही हाती द्यायच्या नाहीत, आणि आईला सोडून मला येता येत नाही. तेव्हा काम तुलाच करायचंय. मागच्या वेळी तुझ्याकडे ठेवलेल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तो पेंग्विनचं चित्र येतं तो, त्यात लागतं ते सगळं मी तेव्हाच घालून ठेवलंय. सोबत सीडीचा ड्राइव्ह, काही पेन ड्राइव्ह आणि एक मोठा कागद पाठवते. कागदावर कुठलं बटण कधी दाबायचं ते चित्रं काढून दाखवलंय. त्यावरची कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाची ओळ जशी आहे तशीच उमटव, एक टिंबही सोडू नकोस.

सीडी वाचणारा हा प्रोग्राम फार संशयी आहे. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि खात्री पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला वेळ लागू दे. २२ तारखेपर्यंत मला सगळं हातात हवंय.

तुझी
भिंगरी

—

रविवार, ९ मार्च

माझी भिंगरी,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं आणि खरंच बसले, बरं झालं तू आधीच लिहिलंस. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं, वाटलं आपलंच काही चुकलं असेल, तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं वाचन ते. तिसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं. मग तासभर मी काही केलं नाही. चुलीवर दूध ठेवलं होतं, तेही उतू गेलं.

पण ऐक, मला येतंय गं ते. खरंच येतंय.

टेबलावर कागद पसरला, लॅपटॉप उघडला, तो पोट सुटलेला पक्षी दिसला. काळी खिडकी उघडली. एकेक अक्षर कागदाशी ताडून बटणं दाबली. एका ओळीला पाऊण तास लागला म्हणून हसू नकोस, तुझ्या आजोबांना लग्नाच्या कागदावर सही करायला याहून जास्त वेळ लागला होता. शेवटचं मोठं बटण दाबलं तर आतून घूं घूं सुरू झालं आणि काळ्या खिडकीत एक चेहरा आला. आडवा. मान कलती केली की दिसतो, असा :-) . मला आधी वाटलं तूच काढून ठेवलास माझ्या गमतीसाठी. शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला हसतोय. मी म्हटलं, हसू दे, निदान तो तोंडावर तरी हसतो.

मग मला त्याच्या चेहऱ्याची सवयच झाली. हसतोय तोवर सगळं ठीक. मधेच तोंड सरळ रेघेचं होतं :-| तेव्हा मी श्वास धरते. एकदा वाकडं झालं :-/ , पण पुन्हा हसला. शेवटी नाक लांब करून मोठ्यांदा हसला :^D आणि काम संपलं. घोड्याची सीडी पूर्ण झाली.

घोड्याची म्हणजे कुठली ते तुला कळायचं नाही. तेव्हा मला नावं पटकन वाचता यायची नाहीत, म्हणून तुझ्या आईनं प्रत्येक सीडीवर गोल कागद चिकटवला होता आणि मी त्यावर चित्रं काढली होती. घोडा, जहाज, किल्ली, दोन म्हाताऱ्या, असं. जे पुस्तक, ते चित्र. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, दिवसभर अक्षरांशी डोळेफोड करून यायची आणि मी भांडी घासताना पुन्हा मला वाचून दाखवायची. छापखान्यातला कारकून ते सगळं सीडीवर भरून द्यायचा. ती म्हणायची, मी नसेन तेव्हा ऐक. तेव्हा मला वाटायचं, नसेन म्हणजे बाजारात गेलेली असेन.

घोड्याचा पेन ड्राइव्ह पाठवते. आता जहाजाची लावलीय, पण ती आत जाऊन थडथड करते, सबंध टेबल हलतं. वरचा कागद फुगलाय आणि कडेनं उचलला गेलाय, त्यानंच होत असणार. बघते काय करायचं ते. तू काळजी करू नकोस. तिला माझं... नको, काही सांगू नकोस. मीच बोलेन.

तुझी आजी

—

गुरुवार, १३ मार्च

आजी,

मिळालं. एकही जागा चुकलेली नाही, तू कमाल आहेस. रुग्णालयाच्या पायरीवर बसून मी ऐकलं. आईचा असा आवाज मी विसरूनच गेले होते.

फक्त एक अडचण आहे, आणि तुला वाईट वाटेल म्हणून दोन दिवस मी हे पत्र लिहिलंच नाही. आजी, तू सगळीकडे बोलतेस गं. आई दोन वाक्यं वाचते की तू विचारतेस, मग तो परत आला का, त्या बाईचं वय काय, घोड्याला खायला कोण घालतं. नळ चालू, भांडी चालू, तू चालू. बाईंना एकट्या आईचा आवाज हवाय. सत्तर मिनिटांतून अकरा मिनिटं निघाली. सगळ्या सीडींवर असंच असेल, तरी आठांमधून मिळून तास भरेल. पण एखाददुसरी खराबही निघेल, म्हणून एकही वगळून चालणार नाही, सगळ्या हव्यात.

आणि एक लक्षात ठेव. सीडीला पाणी लावू नकोस, घासू नकोस, वरच्या कागदाला तर हातच लावू नकोस. चांदीचा थर खालच्या बाजूला नसतो, वर, त्या कागदाच्या लगेच खाली असतो. आवाज त्यातच असतो. कागद ओढला की तो थरही निघून येतो. थडथडली तर थडथडू दे.

आई आता कुजबुजते. काल नर्सला पाणी मागितलं तर तिला ऐकूच गेलं नाही.

भिंगरी

—

रविवार, १६ मार्च

माझी भिंगरी,

पत्र पोचलं. इकडे सगळं बरं आहे. शिंपीणबाईंच्या मशीनचा पट्टा तुटला, त्या दोन दिवस रिकाम्या होत्या, त्यामुळे माझ्याकडेच बसून होत्या. त्यांच्या सुनेला मुलगी झाली. वजन चांगलं आहे. गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून ठेवलाय आणि खणणारे निघून गेलेत, रोज एकजण तरी पडतो, काल पोस्टमन पडला.

मी इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण असं मोजून कोणी सांगितलं नव्हतं. सत्तरातली अकरा. बरं.

एक विचारू? बाईंना तासभरच लागतो का? अर्ध्या तासात नाही का शिकत ते मशीन? हुशार मुलं थोडक्यात शिकतात. आणि समजा एखादी सीडी नाहीच चालली, समजा दोन-तीन नाही चालल्या, तर काय करतात? मी आपलं सहज विचारते.

लॅपटॉपवर आता माझा हात बसलाय. ओळ दहा मिनिटांत उमटवते.

तुझी आजी

—

मंगळवार, १८ मार्च

आजी,

तू सहज काही विचारत नाहीस. काय झालंय? बाकीचे पेन ड्राइव्ह कुठे आहेत?

ऑपरेशन अलीकडे आणलंय, सोमवारी २४ ला आहे. आईला रात्रभर श्वासाला त्रास झाला, डॉक्टर थांबायला तयार नाहीत. बाईंना ठरल्याप्रमाणे शनिवारपर्यंत आवाज हवाच, कारण शुद्धीवर आल्या आल्या आईच्या हातात काहीतरी असावं असं त्या म्हणतात. शुद्धीवर आल्यावर ओरडायला जाऊन आवाज न निघणं, त्यानं माणसं फार घाबरतात म्हणे. मीही घाबरलेय, आजी. मी कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

घोड्याच्या सीडीचं आईला सांगितलं, तुझं बोलणं मधे येतं तेही. ती हसली, म्हणजे खांदे हलले. मग पाटीवर लिहिलं: नववी घ्या. ती तुझ्याकडे आहे म्हणे. घर सोडून आल्यावर तिनं इथे एकटीनं खोलीत बसून भरली आणि टपालानं तुला पाठवली. तिच्यात दुसऱ्या कोणाचाच आवाज नाही. तू ऐकलीस असं तू तिला सांगितलं होतंस.

ती सीडी नक्की आहे ना?

भिंगरी

—

गुरुवार, २० मार्च

भिंगरे,

आता सगळं सांगते. अक्षर खराब येईल.

जहाजाची सीडी थडथडली तेव्हाच मी ठरवलं, कागदच काढून टाकावेत. बाटल्यांवरचे कागद काढते तसे. कोमट पाणी, थोडा साबण, मग नखानं कडेकडेनं. मी म्हटलं एकेक कशाला, काम उरकून टाकावं, म्हणून घोडा सोडून सातही एकदम तसराळ्यात घातल्या. मी खुशीत होते गं. गाणं म्हणत होते. जहाजाचा कागद ओढला तर छान निघाला, अगदी अख्खा, आणि त्याच्या पाठीमागे चकचकीत चांदी. मला वाटलं गोंदच चमकतोय. सीडी हातात घेतली तर तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली.

तरी मला कळलं नाही. किल्लीचा काढला, म्हाताऱ्यांचा काढला. चार काढून झाल्यावर एक ड्राइव्हमध्ये घातली तर ती नुसती फिरत राहिली, चेहरासुद्धा आला नाही. उरलेल्या तिघींचे कागद आपसूकच पाण्यावर तरंगत होते, चांदी घेऊन. चार दिवसांनी तुझं पत्र आलं, कागदाला हात लावू नकोस म्हणून. ते मी तसराळ्याच्या बाजूला उभी राहून वाचलं.

सात सीडी गेल्या. माझ्या पोरीचा आवाज मी साबणानं धुऊन टाकला. सोळा तारखेला तुला सुना आणि खड्डे लिहिले, कारण हे लिहायचं धाडस नव्हतं.

आता नववीचं. ती आहे. पाण्यात गेली नाही, कारण ती पाकिटातच होती. पाकीट फोडलेलं नाही. एकोणीस वर्षं फोडलेलं नाही.

तुझी आई तुला घेऊन निघाली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. मी तिला म्हटलं होतं, जातेस तर जा, इथे परत तोंड दाखवू नकोस. तू दाराशी बूट घालत होतीस. महिन्याभरानं ते पाकीट आलं. मला वाटलं, समोर बोलली नाही ते सगळं आता सीडीत भरून पाठवलंय. तिचं रागावणं तुला माहीत आहे, आवाज न चढवता एकेक शब्द वेगळा करून बोलते. ते ऐकण्याची माझी छाती झाली नाही. कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. दोन वर्षांनी फोनवर आमचं बोलणं सुरू झालं तेव्हा तिनं विचारलं, ऐकलीस का? मी हो म्हटलं. ती पुढं काही बोलली नाही, मीही नाही. मला वाटलं, दोघींनीही विषय मिटवला.

तुझं पत्र काल दुपारी आलं. पाकीट फोडायचं ठरवण्यात रात्र गेली, आज उजाडल्यावर फोडलं. वर कागद चिकटवलेला नव्हता, नुसतं शाईनं लिहिलेलं "आईसाठी". घातली. ओळ उमटवली. बटण दाबताना मी शिंपीणबाईंचा हात धरला होता, त्यांना काहीच माहीत नाही, त्या म्हणाल्या तुमचा हात गार पडलाय.

आधी हसला. मग सरळ तोंड. मग त्यानं डोळे वटारले, असे 8-| . घोड्याच्या वेळी हा चेहरा आला नव्हता. तसाच राहिला. ड्राइव्ह आत पुढे जाई, मागे येई, पुन्हा तिथेच. एक तास. मी त्याच्यासमोर बसून राहिले, उठले तर तो सोडून देईल असं वाटत होतं. कडेला काळा डाग पडलाय सीडीला, बुरशीसारखा, एकोणीस वर्षं कपड्यांत दमट राहिली ना. मीच ठेवली होती. शिंपीणबाई म्हणाल्या, बंद करा, जळेल. मी म्हटलं, तुम्ही घरी जा. त्या रागावून गेल्या.

तो संशयी आहे असं तू लिहिलं होतंस. मला तो तसा वाटला नाही. एखादं जनावर हरवलेलं पिल्लू हुंगत त्याच त्याच जागी परत जातं ना, तसा वाटला. साडेचार तास. एकदा रडका चेहरा आला ;-( आणि उलट्या टोपीसारखी एक खूण उमटली, तिथं काहीतरी गेलं असणार. मग चालू लागला. शेवटी हसला तेव्हा मला हसू आलं नाही.

मी एक शब्दही ऐकलेला नाही. पेन ड्राइव्ह सोबत आहे. बसवाल्या काकांना म्हटलं, खिशात ठेवा, पिशवीत नको. आता जे माझ्यासाठी होतं ते आधी तू ऐकशील. त्यात मला वाईटसाईट बोललेली असेल तर ती माझी शोभा तुझ्यापुढे होईल, होऊ दे. पण ते तिचं बोलणं बाईंना द्यायला लागेल, आणि मशीन तिच्या रागावरून बोलायला शिकेल. त्याची मला सगळ्यात भीती वाटते.

आजी

—

शनिवार, २२ मार्च

आजी,

आधी हे वाच: पुरलं. नववीतून त्रेपन्न मिनिटं मिळाली, घोड्याची अकरा. बाईंनी कामाला सुरुवातही केलीय.

आता त्यात काय आहे ते सांगते. राग कुठेच नाही. आईनं तुझ्या घरातले कागद वाचलेत. निघताना तिनं ते सगळे छापखान्यात नेऊन त्यांच्या प्रती काढल्या होत्या. शिलाई मशीनचं पुस्तक, दोरा कुठून कसा घालायचा. कुकरची शिट्टी कशी साफ करायची. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर. विजेच्या बिलाची मागची बाजू. घराच्या करारातलं बारीक छापलेलं. छापखान्याची सवय, म्हणून एकदोनदा "स्वल्पविराम" असंही वाचून जाते आणि मग "हे नको" म्हणते. एकेक शब्द वेगळा करून वाचलाय, तू म्हणतेस तसा. तुला कळावा म्हणून.

ती टोपीसारखी खूण आली ते विजेच्या बिलात आहे. युनिटच्या पुढचा आकडा गेलाय, एवढंच.

शेवटी ती म्हणते: "आई, एवढे झाले. आता कोणाच्या तोंडाकडे बघायला नको. आणखी कागद असले तर पाठव, वाचून देईन."

मी आईला सांगितलं, की तू ती कधी उघडलीच नाहीस. सांगायला नको होतं असं वाटलं, कारण तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग पाटी घेतली नाही. कुजबुजत बोलली, डॉक्टरांनी मना केलंय तरी. म्हणाली, "मला वाटत होतं, तिला वाचता येत नाही हे मी तिला दाखवून दिलं, म्हणून ती दुखावली."

एवढंच. मग तिला खोकला आला. हे तिचं शेवटचं बोलणं असू नये म्हणून मी वाट बघतेय, पण अजून ती पुन्हा बोललेली नाही.

सोमवारी सकाळी आठला आत नेणार आहेत.

भिंगरी

—

शुक्रवार, ११ एप्रिल

माझी भिंगरी,

ऑपरेशन नीट झाल्याची तुझी तार, म्हणजे तो मेसेज, शिंपीणबाईंनी वाचून दाखवला. त्या आता बोलतात माझ्याशी. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. फोन वाजला की भीती, नाही वाजला की त्याहून जास्त.

काल दुपारी वाजला. उचलला. पलीकडून तुझी आई बोलली, "आई, मी बोलतेय."

भिंगरे, तो आवाज एकोणतीस वर्षांच्या पोरीचा होता. दाराशी सामान घेऊन उभी होती त्या पोरीचा. मी फोन ठेवून दिला. खरं सांगते, ठेवून दिला आणि दाराकडे बघितलं, कोणी उभं आहे की काय. मीच दिला तो आवाज मशीनला, माझ्याच हातानं, आणि तोच मला भुतासारखा वाटला. पुन्हा वाजला. वाजत राहिला. मी खुर्ची धरून उभी. मनात आलं, उचलला नाही तर तिला वाटेल, आईनं पुन्हा पाकीट उघडलं नाही.

उचलला. "घाबरू नकोस, मीच आहे," असं आवाज म्हणाला, अगदी कुकरची शिट्टी साफ करायला सांगतात तसा, शांत. मग तो थांबला. ती पुढचं लिहीत असणार. आणि त्या मधल्या वेळात फोनमधून श्वास ऐकू आला. नाकातून घेतो तसा नाही, खालून कुठूनतरी, नळीतून येतो तसा, घरघरणारा, अवघड. तो मशीनला कोणी शिकवलेला नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई दमून घेते तसा होता.

मग मी त्या श्वासाशी बोलले. म्हटलं, पोरी, तेव्हा दाराशी मी जे बोलले ते खोटं होतं, तोंड दाखव मला. पलीकडे बटणांचा आवाज सुरू झाला, टकटक, मग थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा पुसलं असावं. श्वास जोरात येत होता. ती काय लिहितेय याची मला इतकी भीती वाटली की मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ गेला. शेवटी आवाज म्हणाला, "मला प्रवास मना आहे. तू ये."

मंगळवारच्या बसनं निघते. काकांनी खिडकीजवळची जागा धरली आहे. तिच्या नळीची निगा कशी राखायची त्याचे कागद तुम्हाला रुग्णालयातून मिळाले असतील. ते ठेव बाजूला. मी आले की मला शिकव, मी स्वतः वाचेन, कितीही वेळ लागला तरी.

तुझी आजी